सहा चुण्या

मुलांनो, जरा हात पुढे करा. एक नाही, दोन्ही. आता समजा, तुमच्या मुठींत एका मोठ्या हिरव्या चादरीची दोन टोकं आहेत. चादर नुकतीच वाळवणीच्या यंत्रातून निघाली आहे, इतकी गरम की बोटं आपोआप उघडू बघतात. पण सोडायची नाही. समोर, सात पावलांवर, उरलेली दोन टोकं धरून एक बाई उभी आहे. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ती तुमच्याकडे बघत नाही. चादरीच्या बरोबर मध्ये वीतभर चौकोनी भोक आहे, त्याच्याकडे बघते आहे.

"ओढ," ती म्हणते.

ओढलीत? ताठ झाली? छान. आता गोष्ट संपेपर्यंत ती तशीच धरून ठेवा.

ती बाई म्हणजे घडीमावशी. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत ती एकोणतीस वर्षं घड्या घालत होती, त्यामुळे डॉक्टरांपासून बॉयलरवाल्यापर्यंत सगळे तिला घडीमावशीच म्हणत. बिछान्याच्या साध्या चादरींच्या घड्या दोन वर्षांपासून यंत्र घालत असे. पण ऑपरेशनच्या हिरव्या चादरी यंत्राला जमत नसत, कारण यंत्राचे रूळ त्या भोकात अडकत. शिवाय त्यांची घडीच वेगळी. पंख्यासारख्या सहा चुण्या, आणि भोक बरोबर वर. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी चादर एका झटक्यात उघडते, कुठे हात लावावा लागत नाही, आणि भोक बरोबर ऑपरेशन करायच्या जागेवर येतं.

"घडी आपल्यासाठी नसते," मावशी नेहमी म्हणायची. "उघडणाऱ्यासाठी असते."

ही घडी दोघींचं काम. मावशी जागेवर उभी राहायची, आणि समोरची एकेक पाऊल पुढे येत एकेक चुणी तिच्या हातात द्यायची. सहा पावलं, सहा चुण्या, मग दोघींची बोटं एकमेकींना लागायची. वीस वर्षं मावशीच्या समोर उभी राहणारी जोडीदारीण गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे घरी बसली. तिच्या जागी माणूस मिळालं नाही, पाच किलोचं लोखंडी वजन मिळालं. चादरीचं दुसरं टोक टेबलावर त्या वजनाखाली दाबायचं आणि एकटीनं सरकत जायचं.

"वजन बरं," मावशी म्हणायची. "चहाला उठत नाही. पण बोलतही नाही."

वजन असंच मुकं राहिलं असतं, जर रोज चार वाजता शाळा सुटल्यावर बटण तिथे आली नसती.

बटण म्हणजे मावशीची नात, लेकीची मुलगी. वय अकरा. दीड वर्षाची असताना तिने कोणा पेशंटच्या सदऱ्याचं बटण गिळलं होतं आणि अख्खा दुसरा मजला दोन दिवस त्या बटणाची वाट बघत बसला होता, म्हणून हे नाव. तिची आई त्याच दुसऱ्या मजल्यावर वॉर्डात कामाला होती, रात्री आठपर्यंत. वडील जहाजावर, वर्षातून एकदा येणारे. म्हणून बटण चार वाजता लाँड्रीत यायची. दारात जमिनीवर एक पिवळा पट्टा होता. पट्ट्याच्या बाहेर मळके कपडे, आत धुतलेले. ती बूट बाहेर काढायची, कोपरापर्यंत हात धुवायची, आणि मगच पट्टा ओलांडून लोखंडी वजनाच्या जागी उभी राहायची.

त्या सोमवारी मात्र ती उभी राहिली नाही. गाठोड्यावर तोंड पाडून बसली आणि दप्तरातून एक चिठ्ठी काढून आजीला दिली. फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंची चिठ्ठी होती. पालकांनी येऊन भेटावं.

मावशी त्याच पावली, अॅप्रनसकट, शाळेत गेली.

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी विचारलं. मग गोड आवाजात म्हणाल्या, "हे बघा, तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली. लिहिते बरं, पण विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही. शुक्रवारी शेवटची संधी आहे. नाही जमलं तर सोमवारपासून तिला गृहकलेच्या वर्गात बसवू. तिथे ती रमेल. घरातच हात आहे ना तुमच्या."

"कसला हात?" मावशीने विचारलं.

"म्हणजे... कपडे, घड्या वगैरे." बाई हसल्या. "त्याला फ्रेंच कुठे लागतं?"

मावशीने अॅप्रनच्या खिशात हात घातले. ती चिडली की असंच करायची, कारण हात बाहेर राहिले तर काहीतरी फेकतील अशी तिला भीती वाटायची.

"शुक्रवारी किती वाजता?" तिने विचारलं.

"अकरा. पण मी म्हणते, पोरीला उगीच कशाला ताण..."

"अकरा," मावशी म्हणाली आणि उठली. पाणी तसंच राहिलं.

परत आल्यावर तिने बटणला समोर उभं केलं. "खरं सांग. तुला ती भाषा पाहिजे की नको? नको असेल तर आत्ता सोडून देऊ. मी कोणाला काही बोलणार नाही."

बटण बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. मग म्हणाली, "तो खलाशी आठवतो?"

मावशीला आठवत होता. दोन वर्षांपूर्वी एका फ्रेंच जहाजावरचा खलाशी वॉर्डात आणला होता. कुठे दुखतंय ते त्याला सांगता येईना आणि डॉक्टरांना विचारता येईना. तीन तास नुसते हातवारे चालले. मग एक दुभाषी बाई आली, साधीच, हातात पिशवी. ती त्याच्या भाषेत एक वाक्य बोलली आणि तो दांडगा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. तेव्हा बटण आईचा डबा घेऊन दारात उभी होती.

"मला ती बाई व्हायचंय," बटण म्हणाली.

"मग अडतंय कुठे?"

अडत होतं ते असं. वर्गात 'जाणे' हे क्रियापद शिकवत होते. फ्रेंचमधली बरीचशी क्रियापदं शहाण्यासारखी वागतात, एक आलं की बाकीची आली. हे मात्र हट्टी. मी, तू, तो यांच्यासाठी एका धाटणीची रूपं, आम्ही आणि तुम्ही यांच्यासाठी भलतंच, आणि 'ते' म्हटलं की पुन्हा तिसरंच. बाईंनी अचानक 'ते' विचारलं तेव्हा बटणने आम्ही-तुम्हीच्या चालीवर आपल्या मनानेच एक रूप बनवलं, "इल्झाल." सगळा वर्ग खदखदला. बाईंनीही हसत हसत ते दोनदा म्हणून दाखवलं. तेव्हापासून बटण उभी राहिली की मागून कोणीतरी विचारायचं, "झालं का गं?" आणि दुसरं कोणीतरी म्हणायचं, "झालं, झालं!" बस. जीभ टाळूला चिकटायची ती सुटायचीच नाही.

"मूळ शब्द काय म्हणालीस? जाण्याचा?" मावशीने विचारलं.

"आले."

"जायचंय आणि आले म्हणतात?"

"हो."

मावशीने चष्मा पुसला. "असू दे. आपणही निघताना 'येते' म्हणतोच की. आणि आपलं 'जाणे' तरी कुठे सरळ आहे? जाते, जाईन, आणि मग एकदम 'गेले'! गेलेमध्ये 'जा' दाखव मला कुठे आहे ते."

बटण विचारात पडली. जन्मापासून ती हे बोलत होती आणि ते वाकडं आहे हे तिला आजच कळत होतं.

"एक हट्टी क्रियापद तू कोणी न शिकवता गिळलंस," मावशी म्हणाली, "बटणासारखं. दुसऱ्याला काय घाबरतेस? धर टोक."

सात पावलांवर बटणने हिरवी चादर धरली.

"मी 'मी' म्हणाले की तू त्याचं फ्रेंच म्हणायचं आणि चुणी द्यायची. मी."

"ज व्हे," बटण पुटपुटली.

"चादरीला ऐकू आलं नाही."

"ज व्हे!" एक पाऊल, एक चुणी.

"तू."

"त्यू व्हा."

"तो."

"इल व्हा."

"आम्ही."

"नूझालों."

"तुम्ही."

"वूझाले."

"ते." इथे मावशीने चादर जरा जास्तच ताठ ओढली.

"इल... इल व्हों!"

सहावी चुणी पडली. दोघींची बोटं एकमेकींना लागली आणि भोक बरोबर वर आलं.

"सहा चुण्या, सहा रूपं," मावशी म्हणाली. "तुझ्या त्या लोकांनी माझी घडी बघूनच ही भाषा बनवली असणार. आता मला म्हणायला लाव."

मावशीची जीभ मात्र सहजासहजी वळेना. 'ज व्हे' तिला आलं. 'नूझालों'ला ती प्रत्येक वेळी शिंकल्यासारखं करायची. बटण आधी हसू दाबत होती, मग पोट धरून हसली. सोमवारच्या त्या संध्याकाळी तिचं हसू पहिल्यांदाच बाहेर पडलं होतं.

मंगळवारी लाँड्रीभर बातमी झाली. बॉयलरवाला कोळशासारखा काळा हात पुसत दारात आला. त्याला पाहून बटण मोठ्याने म्हणाली, "इल व्हा!"

"माझ्याबद्दल काय चाललंय?" त्याने विचारलं.

"तो जातो असं म्हणाली," मावशीने सांगितलं.

"कुठे जातो?"

"ते अजून शिकलो नाही. पण जा."

लाँड्रीचे सुपरवायझर जवळच उभे होते. त्यांच्या खिशात सदानकदा मोजपट्टी असे. घडीची रुंदी ते पट्टी लावून बघत, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. ते म्हणाले, "काय मावशी, या वयात फ्रेंच? परदेशात चादरी धुवायला निघालात वाटतं?"

"निघाले तर सांगून निघेन, साहेब."

"निघा निघा. नाहीतरी पहिल्या तारखेपासून ऑपरेशनला कागदी चादरी येणार आहेत. वापरायच्या आणि फेकायच्या. मग तुमच्या चुण्या कोणाला हव्यात?"

हे मावशीने पहिल्यांदाच ऐकलं. हातातली चुणी तिने अंगठ्याने दाबून बसवली, जरुरीपेक्षा अंमळ जास्तच वेळ. मग समोर बघून म्हणाली, "पहिल्या तारखेला अजून अकरा दिवस आहेत. तू."

"त्यू व्हा," बटण म्हणाली.

त्या रात्री जेवताना बटणची आई म्हणाली, "आई, कशाला तिच्या डोक्याला ताप? मी नाही शिकले, माझं अडलं का काही?"

"तुझं अडलं," मावशी म्हणाली. "तू कोणाला सांगितलं नाहीस, एवढंच."

आई उठून ताटं गोळा करू लागली. नंतर भांडी घासताना तिने हळूच बटणला विचारलं, "त्या 'आम्ही'चं काय गं ते?"

बुधवारी गडबड झाली. मावशीने ठरवलं होतं की आज क्रम मोडायचा. "डॉक्टर कुठल्या टोकानं ओढेल ते आपल्याला माहीत नसतं. कुठूनही ओढली तरी उघडली पाहिजे." म्हणून ती मधूनच विचारू लागली. आधी 'ते', मग 'तू', मग 'आम्ही'. बटण 'तुम्ही'पाशी अडली. "वू... वू..." म्हणत राहिली. मग आठवल्याच्या आनंदात दोनदा ओरडली, "वूझाले! वूझाले!" आणि दोनदा पुढे आली. मावशीचं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे. एकोणतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. तिने सातवी चुणी घेतली.

गुरुवारी सकाळी ती चादर ऑपरेशन थिएटरमधून परत आली. तिथल्या सिस्टर प्रत्येक चादर आधी तपासून घेत, त्यांनी उघडून बघितली तर भोक एका बाजूला पळालेलं. कोणाला काही झालं नाही, चादर वापरलीच नव्हती. पण तिला घडी घालणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी लावलेली असते, आणि नंबर मावशीचा होता.

फूटपट्टी साहेबांनी मेमो टाईप करून आणला. "कामात लक्ष नव्हते. तीन दिवसांत लेखी कारण द्यावे." वर तोंडी हुकूम, "आणि आजपासून त्या पोरीला पट्ट्याच्या आत आणायचं नाही. हे इस्पितळ आहे, शाळा नाही."

लाँड्रीतली यंत्रं चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मावशीचे कान लाल झाले. चूक तिचीच होती आणि ती तिला कोणाहीपेक्षा जास्त डाचत होती. तिने चादर मागून घेतली, पुन्हा धुवायला टाकली, आणि मेमोवर सही केली.

"चुकले साहेब. सातवी चुणी माझीच," ती म्हणाली. "कारण लिहून देईन. पण तीन दिवसांत म्हणालात ना? मग शनिवारी. उद्या मला अर्धी रजा पाहिजे."

"मेमो मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी रजा?"

"एकोणतीस वर्षांत अकरा घेतल्या. ही बारावी."

साहेबांनी मोजपट्टी खिशातून काढली आणि परत ठेवली. मावशीने मेमोच्या पंख्यासारख्या सहा चुण्या केल्या आणि तो अॅप्रनच्या खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी सराव घरी झाला. तिसऱ्या मजल्यावर, खोल्यांसमोरच्या लांब व्हरांड्यात. घरात हिरवी चादर नव्हती, म्हणून पलंगावरची फुलांची घेतली. पण आधी मावशीने बटणला खुर्चीवर बसवून विचारून पाहिलं, आणि बटण पुन्हा मुकी. उभी राहून विचारलं, मुकी. चादर हातात दिली तर धडाधड सगळं.

"आजी, मला बसून येतच नाही," ती रडवेली झाली. "उद्या वर्गात चादर कुठून आणू?"

मावशी चादरीचं टोक धरून विचार करत उभी राहिली. शेजारचा म्हातारा जिना चढून आला, दोघींच्या मध्ये ताणलेली चादर पाहून थबकला, काही न विचारता वाकून तिच्याखालून पलीकडे गेला.

"इल व्हा," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि हसल्या.

"सोड," मावशी म्हणाली.

"काय?"

"चादर सोड. आता हात तसेच ठेव. धरलीय असं समज. मी पण धरलीय. ओढ."

दोघींनी हवेतली चादर ओढली. खरोखरच ताठ झाली ती.

शुक्रवारी अकराला दहा मिनिटं कमी असताना मावशी वर्गाच्या मागच्या दाराबाहेर, लांब व्हरांड्यात उभी होती. पालकांना आत जायला मनाई होती. दाराला वर काच होती आणि त्या काचेचा एक कोपरा केव्हातरी फुटलेला होता. तेवढ्यातून तिला आतलं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. पुढे टेबलाशी बाई. बटणचा बाक शेवटचा.

नाव पुकारलं गेलं. बटण उभी राहिली. मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी खुसखुसलं, "झालं का गं?"

बाई म्हणाल्या, "आम्ही."

काही नाही.

"आम्ही जातो. फ्रेंचमध्ये सांग."

काही नाही. मावशीचा हात दाराच्या मुठीवर गेला. मग तिने तो स्वतःच काढून घेतला. आत जाऊन काय करणार होती? तिथे तिचं काय होतं? तिने दोन्ही हात पुढे केले, मुठी वळल्या आणि रिकाम्या व्हरांड्यात एकटीच उभी राहून ओढलं. बटणची तिच्याकडे पाठ होती. तिला हे दिसणं शक्यच नव्हतं.

पण आत बटणचे हातही वर आले होते.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "हात खाली. सरळ उभी राहा."

बटणने हात खाली घेतले नाहीत. तिने एक पाऊल पुढे टाकलं. "नूझालों."

"जागेवर!"

"जागेवर येत नाही, बाई." आवाज कापत होता, पण होता. "चालत येतं."

वर्ग हसला. बाईंनी टेबलावर पेन आपटलं. "जागेवरच सांगायचं असतं."

"बाई, पण हे 'जाणे' आहे ना?" बटण म्हणाली. "मी चालते. तुम्ही विचारा."

मुलांनो, तुमची चादर धरलेली आहे ना अजून? बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. बहुधा तिला खाली बसवणार होत्या. पण मग त्यांना वाटलं असेल, बघू तरी.

"तू."

"त्यू व्हा." पाऊल.

"मी."

"ज व्हे." पाऊल.

"तुम्ही."

"वूझाले." एकदाच, आणि एकच पाऊल.

"तो."

"इल व्हा."

आता ती बाकांच्या रांगेतून पाच पावलं पुढे आली होती आणि उरलं होतं ते एकच. वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं कुठलं. बाईंनाही.

"ते," बाई म्हणाल्या. "आणि नुसतं रूप नको. वाक्य."

व्हरांड्यात मावशीने हवेतली चादर अजून ताठ ओढली. वाक्याचं आजी-नातीने एवढंच केलं होतं की काल रात्री शब्दकोशात दोन-तीन शब्द शोधले होते.

"ले द्रा," बटण सावकाश म्हणाली, एकेक शब्द हातात तोलून बघत, "व्हों... आ लोपिताल."

सहावं पाऊल. ती टेबलाला टेकली.

"म्हणजे?" पहिल्या बाकावरच्या मुलाला राहवेना.

"चादरी इस्पितळात जातात," बटणने सांगितलं. मग हवेतली घडी दोन्ही हातांवर धरून तिने बाईंसमोर केली. बाईंचे हात आपोआप पुढे आले, आणि आपण काय करतोय ते लक्षात आल्यावर त्यांनी घाईघाईने पेन उचललं.

थोडा वेळ त्या नुसत्या लिहीत होत्या.

"हातवाऱ्यांचे गुण कापले," त्या म्हणाल्या.

"चालेल, बाई."

"वर्गात राहायचं. आणि सोमवारपासून पहिल्या बाकावर बस. रोज एवढं चालत यायचीस तर माझा तास संपेल."

मागचा कोपरा हसला. पण हे हसू वेगळं होतं, बटणसुद्धा त्यात होती.

तास संपल्यावर बाई बाहेर आल्या तर दारात मावशी. अॅप्रन नव्हता, पण हात खिशासाठी चाचपडत होते.

"तुम्ही घेतला तिचा सराव?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला येतं?"

"मला कुठलं येतंय. समोरचं टोक कोणीतरी धरावं लागतं, एवढंच." मावशी जायला वळली, मग थांबली. "ज व्हे," ती म्हणाली.

बाईंना राहवलं नाही. "नुसतं 'जाते' असं म्हणत नाहीत हो. कुठे ते सांगावं लागतं."

"बरं झालं सांगितलंत. ज व्हे आ लोपिताल." आणि न शिंकता पुढे म्हणाली, "कामावर. अर्धीच रजा आहे."

दुपारी ती आपल्या टेबलाशी होती. थिएटरच्या बारा चादरी आल्या होत्या, त्यातलीच एक परवाची, पुन्हा धुतलेली. लोखंडी वजन समोर. ती एकटीच सरकत सरकत चुण्या घेत होती. अकरा घड्या झाल्या. परवाची चादर तिने शेवटी ठेवली होती.

चार वाजले. दारात बटण आली. तिने नेहमीप्रमाणे बूट काढले. बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले. मग पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे, पायाची बोटं पट्ट्याला लागतील न लागतील अशी उभी राहिली.

फूटपट्टी साहेब आतच होते. "आत यायचं नाही, सांगितलंय ना?"

"मी बाहेरच आहे," बटण म्हणाली.

साहेबांनी खाली बघितलं. ती बाहेरच होती. मोजूनही बाहेरच निघाली असती.

मावशीने वजन उचलून टेबलाखाली ठेवलं. हिरवी चादर घेऊन ती दाराकडे आली, पट्ट्यापासून सात पावलांवर थांबली आणि दोन टोकं भिरकावली. ती बटणने हवेतच झेलली, जमिनीला लागू न देता. चादर आत, मुलगी बाहेर. मध्ये पट्टा, आणि त्याच्यावर ताणलेलं हिरवं कापड.

बॉयलरवाला यंत्राआडून बघत होता. साहेबांनी तोंड उघडलं. पण काय मोडलं गेलंय ते त्यांना नेमकं सापडेना.

"काय झालं वर्गात ते अर्ध्या लाँड्रीला अजून माहीत नाही," मावशी म्हणाली. "ओढ."

बटणने ओढली. चादर ताठ झाली आणि मधलं भोक दोघींच्या बरोबर मध्ये थरथरलं.

"मी," मावशी म्हणाली.

आता पहिली चुणी द्यायची होती, आणि चुणी द्यायची तर एक पाऊल पुढे यायला हवं. बटणने खाली पट्ट्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं, अगदी सरळ, मान वर करून.

"ज व्हे," ती म्हणाली, चादरीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि पाऊल आत टाकलं.